‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा?

आमच्या बीएच्या वेळी जर्मनीशी आमचा संबंध एवढाच, की मॅक्सम्युलर नावाच्या एका पंडिताने सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला आणि तो आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आला नाही. आपल्या जुन्या लोकांनी त्याचं प्रेमाने ‘मोक्षमूलर’ करून टाकलं होतं. पुण्या-मुंबईला त्याच्या नावाची भवनं आहेत आणि तिथे जर्मन शिकवतात, हे पुष्कळ नंतर कळलं. पण वर्ध्याला घरी बसून, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जर्मन व्याकरणाचं पुस्तक आपल्या हाती येईल असं काही वाटलं नव्हतं!

कारण आमची नात, म्हणजे लेकीची मुलगी. सेवाग्रामला नर्सिंग शिकली, दोन वर्षं नोकरी केली आणि आता जर्मनीला जायचं म्हणते. ती एकटी नाही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडच्या लहान गावांतही ‘जर्मन लावलं का?’ असं विचारतात, पूर्वी ‘टायपिंग लावलं का?’ विचारायचे तसं. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-दोन पातळीपर्यंत भाषा यावी लागते. हे काही दोन महिन्यांचं काम नव्हे. तिचा वर्ग संध्याकाळी ऑनलाइन असतो. तिच्या घरी त्या वेळी टीव्ही चालू असतो, म्हणून ती माझ्याकडे येऊन बसते. मी बाजूला मेथी निवडत असते.

तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईच्या कानावर व्याकरणाचा शब्द पडला आणि ती गप्प बसली, असं कुठे झालंय का? पोरगी ‘माइन, डाइन, झाइन, ईर’ असं घोकत होती आणि वैतागली होती. ‘आजी, ही नुसती माझा-तुझाची भानगड आहे, पण डोक्यात शिरत नाही.’ मी म्हटलं, तू ते इंग्रजीतून शिकतेस म्हणून शिरत नाही. मराठीतून शीक. तुला ते अर्धं आधीच येतं.

हे कसं, ते सांगते. (ज्यांना व्याकरणाचा कंटाळा आहे त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल. शेवट मात्र वाचा. विशेषतः आमच्या घरच्यांनी.)

आपल्या व्याकरणात माझा, तुझा, त्याचा, तिचा यांना सार्वनामिक विशेषणं म्हणतात. ‘त्याची बहीण’ म्हटलं की ‘त्या’ने कळतं की मालक पुरुष आहे आणि ‘ची’ने कळतं की जिच्याबद्दल बोलतोय ती बाई आहे. एका शब्दाला दोन टोकं. एक मालकाकडे बघतं, दुसरं वस्तूकडे. ‘तिचा भाऊ’ म्हणा, दोन्ही टोकं उलटी होतात. आता इंग्रजी बघा. हिज आणि हर यांत मालक कळतो, पण पुढे भाऊ आला काय नि बहीण आली काय, शब्द ढिम्म हलत नाही. हिंदीत याच्या बरोबर उलट. ‘उसकी बहन’मध्ये बहीण स्त्रीलिंगी आहे हे ‘की’ने सांगितलं, पण बहीण त्याची की तिची, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. जर्मन मात्र आपल्यासारखी दोन टोकांची आहे. त्याचा भाऊ झाइन ब्रूडर, त्याची बहीण झाइनं श्वेस्टर. तिचा भाऊ ईर ब्रूडर, तिची बहीण ईरं श्वेस्टर. झाइन आणि ईर हे मालकाचं टोक, आणि शेवटी लागतो किंवा लागत नाही तो ‘अं’ हे वस्तूचं.

एवढंच नाही. आपल्याकडे ‘ते’ या नपुंसकलिंगी सर्वनामाचंही ‘त्याचं’च होतं, पुल्लिंगासारखं. जर्मनमध्येही तस्संच, दोघांनाही झाइन. आपलं मूल नपुंसक, त्यांचं ‘किंट’ही नपुंसक. त्यांची मुलगी, ‘मेडशेन’, व्याकरणात नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर पोरगी फार हसली. शब्दाच्या शेवटी लाडाचा ‘शेन’ लागला की जर्मनमध्ये नपुंसकलिंग होतं. मी म्हटलं, हसतेस काय, आपण नाही का ‘पोरगं’, ‘कारटं’, ‘लेकरू’ म्हणत?

उच्चाराची एक गंमत सांगते. झाइनमधला झ ‘माझा’मधला घ्यायचा, ‘माझी’मधला नाही. (दोन्ही एकदा मोठ्याने म्हणून बघा. आयुष्यभर आपण एकाच अक्षराचे दोन उच्चार करत आलो आणि कोणी विचारलंसुद्धा नाही.) आणि शेवटचा ‘अं’ थेट आपल्या ‘माझं’च्या शेवटासारखा. म्हणजे कानाला आपलं नपुंसकलिंग आणि अर्थाने त्यांचं स्त्रीलिंग! इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. पण एकदा अडखळला की मग विसरत नाही.

पुढे विभक्ती आल्या. आम्ही मुलांकडून ‘चा ची चे, चे च्या ची’ पाठ करून घ्यायचो. प्रथमेत सहा रूपं. जर्मनमध्ये तिथे दोनच, माइन आणि माइनं. अनेकवचनात तर सगळ्यांना सरसकट माइनं. मग जर्मन अवघड का म्हणतात? तर पुढच्या विभक्तींमुळे. आपण म्हणतो माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या भावाबरोबर, माझ्या बहिणीबरोबर. ‘माझ्या’ एकदा झालं की झालं, बाकीचं ओझं नामाच्या शेपटीवर. भाऊचा ‘भावा’ होतो, बहीणची ‘बहिणी’ होते, त्याला प्रत्यय चिकटतो. जर्मनमध्ये ब्रूडर बहुतेक वेळा जागचा हलत नाही, धावपळ सगळी माइनची. भाऊ कर्ता असेल तर माइन ब्रूडर. मी भावाला बघते, तर माइनन ब्रूडर. भावाबरोबर जाते, तर मिट माइनम ब्रूडर. बहिणीबरोबर गेले, तर मिट माइनर श्वेस्टर. शेवटच्या न आणि म मधला फरक ऐकू येईपर्यंत कान तापतात. पण तत्त्व एकच आहे. आपल्याकडे नाम वाकतं, त्यांच्याकडे विशेषण वाकतं. काम तेवढंच, फक्त करणारा वेगळा.

मग एक दिवस तिच्या पुस्तकात ‘एकटं वापरलं तर’ असा धडा आला. आपल्याकडे हा प्रश्नच नाही. ‘माझं पुस्तक’ आणि ‘हे माझं’ यांत माझं तेच. आमच्या वऱ्हाडी बोलीतही तेच. माहा भाऊ, माही बहीण, माहं घर. ‘कोनाचं होय हे?’, ‘माहं होय.’ जर्मनमध्ये मात्र ‘माझी पेटी’ म्हणताना पेटी पुल्लिंगी म्हणून माइन कोफर, आणि ‘माझं पुस्तक’ म्हणताना माइन बूख. दोन्हीकडे बोडकं माइन. पण नाम गाळून नुसतं ‘माझी’, ‘माझं’ म्हणायचं झालं, की कोफरसाठी माइनर आणि बूखसाठी माइन्स. असं का? नाम शेजारी उभं असतं तोवर माइनला काही सांगावं लागत नाही. नाम गेलं की त्याचं लिंग सांगायची जबाबदारी त्याच्यावर येते. घरातलं मोठं माणूस गेल्यावर धाकट्याला पुढे होऊन बोलावं लागतं, तसं. आणि हाच ‘माइनर’ मघाशी बहिणीबरोबर गेला होता, आठवतंय ना? शब्द तोच, काम दुसरं. एकदा असं समजावल्यावर पोरीने वही मिटली नाही, उलट पुढचं पान काढलं. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

आता ती ज्या कामाला जाणार आहे, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. ‘ईर’ म्हणजे तिचा. ईर म्हणजे त्यांचा. आणि आदरार्थी ‘तुमचा’ यालाही ईरच. लिहिताना आदराच्या ईरला पहिलं अक्षर मोठं काढतात, पण बोलताना मोठं अक्षर कुठून ऐकू येणार? वॉर्डात दोन बायका शेजारी झोपल्यात, नर्स गोळ्यांची डबी हातात घेऊन विचारते, ‘या ईरं गोळ्या का?’ तुमच्या की तिच्या? नुसत्या शब्दावरून ठरत नाही. तिथे नजरेने, हाताने किंवा सरळ आडनाव घेऊन सांगावं लागतं. आणि अनोळखी मोठ्या माणसाला डाइन, म्हणजे ‘तुझा’, म्हणणं तिथेही उद्धटपणाचं. मी तिला म्हटलं, तू इथे म्हाताऱ्या बाईला ‘आजी, तुमच्या गोळ्या घेतल्या का’ विचारतेस ना, तोच ‘तुमच्या’ मनात ठेव, म्हणजे तोंडातून ईरच येईल.

दुसरं एक तिच्या कामाचं. ‘मी हात धुतले’ यात आपण ‘माझे हात’ म्हणत नाही. दुसऱ्याचे कशाला धुवेन? इंग्रजीत माय हँड्स म्हणावंच लागतं. जर्मन इथेही आपल्या जवळची. ते ‘मी मला हात धुते’ अशा वळणाने बोलतात, त्यात माइन येतच नाही. शरीर आपलंच आहे, त्यावर मालकी कशाला सांगायची! हे मला फार आवडलं.

इतका वेळ जर्मनचं कौतुक केलं. आता तिच्यात जे नाही त्याच्याकडे येते.

नातीने एकदा विचारलं, ‘आजी, आमचा म्हणजे उन्झर. मग आपला म्हणजे काय?’ तेही उन्झरच. जर्मनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे नाहीत. इंग्रजीतही नाहीत. हिंदीत ‘हमारा’नेच भागवतात. आपल्याकडे मात्र बोलताना समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही. आत घेतलं तर आपलं, बाहेर ठेवलं तर आमचं. गुजरातीतही असे दोन शब्द आहेत. आणि आपल्या शेजारच्या तेलुगूत ‘मन’ म्हणजे आपला नि ‘मा’ म्हणजे आमचा. ही दक्षिणेच्या शेजाराची देणगी असं भाषेचे अभ्यासक मानतात.

या फरकाचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला पुस्तकात नाही, गडचिरोलीत सापडतं. धानोऱ्याजवळचं मेंढा (लेखा) हे गाव पुष्कळांना माहीत असेल. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. इथे ‘आपल्या गावात’ म्हटलं असतं तर सगळा अर्थच गेला असता. ही घोषणा बाहेरच्याला ऐकवायची आहे, म्हणून ‘आमच्या’. त्याच गावातली माणसं ग्रामसभेत एकमेकांशी बोलताना ‘आपलं गाव’, ‘आपलं जंगल’ म्हणणार, नाही का? गाव तेच, फक्त ऐकणारा बदलला. आणि आपल्या पवनारच्या विनोबांचं भूदान घ्या. 1951 साली पोचमपल्लीपासून ते जे मागत हिंडले, ते एका अर्थाने एवढंच, की जमिनीपुढचा ‘माझी’ पुसा आणि ‘आपली’ लिहा. एकरांचा हिशोब झाला, पण शब्द बदलणं किती अवघड ते तेव्हाही दिसलं आणि आजही दिसतं.

हा ‘आपला’ तर फारच कामाचा शब्द. ‘तिने आपल्या आईला फोन केला’ म्हटलं की आई तिचीच, दुसऱ्या कोणाची नाही. जर्मनमध्ये ‘तिने ईरं आईला फोन केला’, आता आई स्वतःची की मैत्रिणीची, ते संदर्भाने ओळखा. अगदीच स्पष्ट करायचं तर ‘आयगन’, म्हणजे स्वतःची, असा जादा शब्द घालावा लागतो. शिवाय आपण मोठ्यांना ‘आपलं नाव काय’ विचारतो, पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहितो, आणि काही नाही तर ‘मी आपली बसले होते’ म्हणतो. या शेवटच्या ‘आपली’चा अर्थ सांगा म्हटलं तर मला तेहतीस वर्षांत सांगता आला नाही, पण तो काढला तर वाक्य कोरडं पडतं. त्यांच्या ईरच्या डोक्यावर तीन ओझी, तर आपल्या ‘आपला’च्या डोक्यावर पाच. फिटंफाट.

या दोन शब्दांची धार कुठे लागते, ते प्रत्येक लग्न झालेल्या बाईला ठाऊक आहे. माझं माहेर आर्वीचं, सासर हिंगणघाटचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले आणि जेवताना सहज म्हणाले, ‘आमच्याकडे वांग्याच्या भाजीत गूळ नाही घालत.’ आईचा वाढता हात क्षणभर थांबला. बाबा हसून म्हणाले, ‘झाली पोरगी त्यांची.’ चार महिन्यांपूर्वीपर्यंत ‘आपल्याकडे’ म्हणजे तेच घर होतं. मी काही ठरवून बोलले नव्हते. भाषा माझ्या आधी सासरी पोचली होती, एवढंच. आई नंतर त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. पण पुढे माझ्या लेकीने तिच्या पहिल्या दिवाळीला माझ्याच ओट्यापाशी ‘आमच्याकडे’ म्हटलं, तेव्हा आईचा तो थांबलेला हात मला कळला.

परदेशाची पायरी याच्याही पुढची. माझा एक भाचा पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे. (तो हे वाचणार आहे. रागावू नकोस रे.) सुरुवातीला फोनवर म्हणायचा, ‘आपल्याकडे पाऊस झाला का?’ काही वर्षांनी ‘तिकडे पाऊस झाला का?’ झालं. आणि गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, ‘तुमच्याकडे अजून लाइट जाते का?’ तुमच्याकडे! प्रेम कमी झालं असं मी मुळीच म्हणत नाही, दर रविवारी फोन असतो, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला सगळ्यांत आधी तोच आला. पण आपल्याकडे, तिकडे, तुमच्याकडे, असा तीन शब्दांचा प्रवास मी कानांनी ऐकला आहे.

तेव्हा लेकीने मला विचारलं, ‘आई, ही पण बदलेल का गं?’ तेव्हा तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. पोरीसमोर ती ‘जा, खुशाल जा’ म्हणते. कर्जाचे कागद तिनेच पुढे होऊन केले. हा प्रश्न तिने मला पोरगी गेल्यावर, चपला घालता घालता विचारला. मी म्हटलं, बदलेल. तू बदललीस, मी बदलले, ती का नाही बदलणार? लेक काही बोलली नाही. उत्तर खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि ते मला पुढे बरेच दिवस डाचत राहिलं.

मग एका संध्याकाळच्या धड्यात वाक्य आलं, ‘उन्झरं श्टात्सिओन’. म्हणजे आमचा वॉर्ड. किंवा आपला वॉर्ड! मेथीची जुडी हातात तशीच राहिली. कारण इथे, आपल्या एखाद्या दवाखान्यात, नवीन मुलगी कामावर आली आणि जुनी सिस्टर तिला ‘आमच्या वॉर्डात असं चालत नाही’ म्हणाली, तर त्या ‘आमच्या’ने ती पहिल्याच दिवशी दाराबाहेर उभी राहते. ‘आपल्या वॉर्डात असं करतात’ म्हटलं की आत येते. आपली भाषा लगेच दाखवून देते, कोण आत नि कोण बाहेर. जर्मन सिस्टर मात्र उन्झर म्हणेल तेव्हा नातीला कळायचं नाही, आपल्याला धरून म्हणाली की सोडून. शब्दात ते लिहिलेलंच नाही. मनात असेल, आवाजात असेल, पण शब्दात नाही.

मी इतके दिवस याला त्या भाषेची गरिबी समजत होते. आता वाटतं, परक्या गावी पहिली दोन वर्षं काढायची असतील तर ही सोयच आहे. मी नातीला सांगितलं, कोणी उन्झर म्हटलं की तू त्याचा अर्थ ‘आपला’ असाच घे. व्याकरण तुझ्या बाजूने आहे. आणि तू स्वतः उन्झर म्हणशील तेव्हाही मनात ‘आपला’च म्हण. तिथल्या म्हाताऱ्या बाईला हात धरून चालवताना ‘उन्झर वॉर्ड’ म्हणालीस तर त्यात तीही आली पाहिजे.

लेकीला मी दुसरं उत्तर दिलं. म्हटलं, ती बदलेल, पण मराठी बोलायला तिला दुसरं कोण आहे तिथे? आपल्याशीच बोलणार. म्हणजे आमचं की आपलं हे दर वेळी तिला आपल्याशी बोलतानाच ठरवावं लागेल. आपण फोनवर ‘तुमच्या जर्मनीत’ म्हणायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. तिच्या वॉर्डाची चौकशी करताना ‘आपल्या वॉर्डात आज किती पेशंट होते?’ असं विचारायचं.

लेक म्हणाली, ‘आपल्या? आपला कुठे आहे तो वॉर्ड?’

मी म्हटलं, आपली पोरगी तिथे रात्रपाळी करणार ना? मग झाला की आपला!